हेड फेसिंग: कटर लावण्याआधी डायल लावा

आपल्या सावनेरकडे कोळशाचे ट्रक अन् ट्रॅक्टर भरपूर, म्हणजे गॅस्केट उडालेली इंजिनं येणारच. पण मिलिंग मशीन आणली की लगेच धंदा सुरू, असं नसतं.

आधी स्पिंडलला डायल गेज लावून टेबलवर गोल फिरवा. स्पिंडल काटकोनात नसेल तर मोठा फ्लाय कटर मध्ये खोलगट कापतो. वरून चकाचक दिसतं, गॅस्केट मात्र पुन्हा उडते. माझं पहिलं हेड असंच परत आलं. मजुरी गेली, गिऱ्हाईकही गेलं.

मग हेडच्या चारही कोपऱ्यांवर डायल बघून शिम द्या. क्लॅम्प आवळल्यावर पुन्हा बघा, हेड वाकतं. कट ०.०५ मिमीचा, फेस साफ होईस्तोवरच. जास्त काढलं तर डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला ठोकू शकतो, म्हणून हेडची जाडी आधीच मोजून मॅन्युअलशी ताडून घ्या.