घरातील कथा आणि दप्तरातील नाव

मझौली हे जबलपूर जिल्ह्यातील लहानसे गाव. कलचुरीकालीन विष्णुवराहाच्या मंदिरामुळे जाणकारांस ठाऊक असलेले. अशा गावी बसून कॅरिबियन बेटांतील कुटुंबकथांविषयी लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु तिकडील आठवणींचे मराठीत रूपांतर करीत असता, हे बोलणे आपल्याच माजघरात चालले आहे की काय असा भास मला वारंवार झाला, आणि त्या भासाचे कारण शोधावेसे वाटले.

५ मे १८३८ रोजी हिंदी मजुरांची पहिली जहाजे ब्रिटिश गियानास लागली. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ त्रिनिदादास पोहोचले. १८७३ मध्ये ‘लाला रूख’ सुरिनामला गेले. गियानात सुमारे २ लाख ३९ हजार, त्रिनिदादात सुमारे १ लाख ४४ हजार आणि सुरिनामात सुमारे ३४ हजार माणसे गिरमिटावर उतरली. प्रत्येकाच्या नावे एक परवाना निघे. त्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खूण एवढे टिपलेले असे. आज तेथील वंशजांस आपले मूळ गाव शोधावयाचे झाल्यास हा कागदच मुख्य आधार होय. मात्र कपाळावरील व्रणाचीही नोंद घेणाऱ्या त्या दप्तरात, हा मनुष्य घर सोडून का निघाला, यासाठी रकाना नव्हता. ते उत्तर असलेच तर घरातल्या कोणा म्हातारीपाशी असे.

गयुत्रा बहादूर या गियानी वंशाच्या लेखिकेने आपली पणजी १९०३ साली गरोदर असताना एकटीच जहाजावर चढली, एवढा दाखला हाती घेऊन ‘कुली वूमन’ (२०१३) हा ग्रंथ लिहिला. पणजी का निघाली याचे खात्रीचे उत्तर तिला लाभले नाही. ते कल्पनेने भरून न काढता तिने पानेच्या पाने प्रश्नच मांडले, आणि मला तोच त्या ग्रंथाचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. याच्या उलट बाजूस मुन्शी रहमान खान हा अपवाद दिसतो. आमच्या शेजारच्या बुंदेलखंडातील, हमीरपूर जिल्ह्यातील हा मनुष्य १८९८ मध्ये सुरिनामला गेला आणि आपले चरित्र त्याने स्वतःच ‘जीवन प्रकाश’ या नावाने लिहून ठेवले. पण लिहिता येणारा गिरमिटिया हजारांत एखादाच.

मराठी माणसास हे सर्व दूरचे वाटू नये. १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या मजुरांत कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेली मराठी कुटुंबे होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपल्या आहेत. त्यांच्या वंशजांच्या घरात बोली क्रिओल झाली, तरी गणपती राहिला आहे.

आणि आम्ही महाकोशलातील मराठी? १७८१ मध्ये गढा-मंडला सागरच्या मराठ्यांकडे आले. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला व १८१७-१८ मध्ये इंग्रजांकडे. राज्य गेले, पण त्याबरोबर आलेले कारकून, भिक्षुक, शिलेदार येथेच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि ज्या प्रांतात मराठी ही राज्यकारभाराची एक भाषा होती तेथे ती केवळ घरची भाषा उरली. आता ती घरचीही कितपत आहे, हे माझ्या भाचरांशी बोलताना मला कळते.

आमच्या घरी मोडी कागदांचे एक गाठोडे होते. ते वाचणारे आजोबांबरोबर संपले. एका पावसाळ्यात गाठोडे भिजले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी विचार केला की, पूर्वजांचे अक्षर रद्दीत घालणे पाप, जाळणे त्याहून वाईट. म्हणून ग्वारीघाटी नेऊन ते नर्मदेत सोडले. निष्काळजीपणाने गेले असते तर रागावता तरी आले असते. ते गेले भक्तीने.

उरल्या त्या कथा. मूळ पुरुष कोकणातून इकडे आला आणि परत गेला नाही, एवढ्यावर सर्वांचे एकमत. का गेला नाही, याविषयी आजी सांगे की फणसाच्या झाडावरून भावाशी भांडण झाले. काकू म्हणत की कर्ज होते. वडिलांच्या मते सरकारी चाकरी सुटेना. आमच्याकडील बहुतेक जुने कुलवृत्तांत अशा वेळी तिसरे कारण छापतात व पहिली दोन गाळतात. गोत्र, उपनाम, पिढ्या काटेकोर असतात; लग्न होऊन गेलेली मुलगी मात्र एका ओळीत संपते. या बाबतीत ते गिरमिटाच्या परवान्याहून फार निराळे नाहीत, असे कटुतेने म्हणावे लागते.

कथा जपणे म्हणजे ती सुधारणे नव्हे, याचा धडा मराठीत पूर्वीच मिळालेला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले आणि परतताना मातापित्यांसाठी गंगोदकाची कावड घेऊन आले. ही हकीकत त्यांनी उतारवयात लिहिली. ‘माझा प्रवास’ म्हणून ती १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केली, पण फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये आला. मधली एकोणसाठ वर्षे वाचक भटजींच्या बोलण्यास वैद्यांच्या चाळणीतून ऐकत होते. वैद्यांचा हेतू चांगलाच होता. चाळणी बहुधा चांगल्या हेतूनेच धरली जाते.

हे मी अधिकाराने म्हणते, कारण तीच चूक माझ्या हातून झाली आहे. काकूंच्या तोंडची कथा उतरवून घेताना त्या म्हणाल्या, “तो घरून निकलला, आणि मग लौटलाच नाही.” माझ्यातील भाषांतरकाराने तत्काळ ‘निघाला’ आणि ‘परतलाच नाही’ असे शुद्ध करून लिहिले. पुढे बार्बाडोसचे कवी कामाऊ ब्रेथवेट यांचे ‘हिस्टरी ऑफ द व्हॉइस’ (१९८४) वाचनात आले. बेटांवरील इंग्रजीस ‘बोली’ म्हणून हिणवू नये, ती तेथील लोकांची ‘राष्ट्रभाषा’ होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, ‘लौटलाच नाही’ या एका क्रियापदात तो मनुष्य येथे कसा रुजला हे सांगितलेले होते: धातू इकडचा, प्रत्यय तिकडचा. शुद्धलेखनाने मी त्यास पुन्हा कोकणात धाडून दिले होते.

म्हणून आता मी वहीत सांगणाऱ्याचे नाव, दिवस, ती कथा कोणापुढे सांगितली गेली हे आधी लिहिते. शब्द जसे आले तसे ठेवते. मतभेद असतील तर शेजारी शेजारी मांडते. ध्वनिमुद्रण करणे आता कोणासही सोपे झाले आहे, पण नुसत्या आवाजाने भागत नाही. सांगणाऱ्याने कोणास ‘आमचा दादा’ म्हटले, हे वीस वर्षांनी ऐकणाऱ्यास कळावयाचे कसे? तेवढ्यासाठी टीप हवीच, आणि ती सांगणारा हयात असतानाच हवी.

फणस, कर्ज आणि चाकरी ही तिन्ही कारणे आता वहीच्या एकाच पानावर आहेत. मागील दिवाळीत सागरच्या एका चुलत आजींनी ती ऐकून मान हलवली व सांगितले की, झाड फणसाचे नव्हतेच, आंब्याचे होते. खालची जागा मी त्यासाठी सोडलेली होती.