कोपीवरच्या बाळाची लस

बॉयलर पेटले, उसाला पहिला हप्ता किती मिळणार याची चर्चा रंगली, हे सारे वाचकांनी वाचलेच आहे. परंतु सोमेश्वरनगर, माळेगाव आणि भवानीनगरच्या कारखान्यांभोवती बीड-अहिल्यानगरकडच्या ज्या ऊसतोड टोळ्या येऊन उतरल्या, त्यांच्याबरोबर आलेल्या तान्ह्या मुलांच्या लसीकरणाचा विषय त्या चर्चेत क्वचितच निघतो.

वास्तविक वेळापत्रकच या मुलांच्या विरुद्ध आहे. दसऱ्याच्या सुमारास जन्मलेल्या बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी ऐन हंगामात येतात, तर फेब्रुवारीत जन्मलेल्याची गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नेमकी नोव्हेंबरात, म्हणजे ते आमच्या कऱ्हाटीत पोहोचते तेव्हा, देय होते. मूळ गावच्या आशाताईच्या यादीत ते असते, पण तिच्या मुलखात नसते. आमच्या मुलखात असते, पण येथल्या यादीत नसते. 2014 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यने स्थलांतरितांच्या वस्त्यांची दखल घेतली खरी. तथापि 2017 साली बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत पसरलेला घटसर्प आणि 2022 साली मुंबईच्या गोवंडीत उसळलेला गोवर, हे दोन्ही लसीविना राहिलेल्या मुलांचीच किंमत सांगतात.

अडचण केवळ यादीची नाही. परिचारिका सकाळी अकराला तळावर येते तेव्हा आईबाप पहाटेपासून फडात असतात आणि कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, सात-आठ वर्षांची बहीण झोळीला झोके देत असते. तिच्या भरवशावर बाळाला सुई कशी टोचावी? आई परतते ती वाढ्यांच्या पेंढ्या विकून, दिवेलागणीला. शिवाय गोवर-रुबेलाची कुपी एकदा पातळ केली की चार तासांत वापरावी लागते. तेव्हा मुले एकत्र सापडतील अशीच वेळ सत्रासाठी नेमणे श्रेयस्कर.

माझ्या मते या प्रश्नाची किल्ली टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत आहे. प्रत्येक कोयत्याने, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्याने, किती आगाऊ उचल घेतली याची पै-पैची नोंद जो ठेवतो, त्याला त्या कोयत्यामागची मुले सांगता येणार नाहीत, हे संभवत नाही. करारपत्रातच पाच वर्षांखालील मुलांचा रकाना घालावा, टोळी उतरताच ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे धाडण्याची तजवीज कारखान्याने करावी, आणि सत्र संध्याकाळी, तळावरच भरवावे. लसीचे कार्ड हरवले, ही सबब कोणी पुढे करू नये.

बागायतदारांनो, आपल्या फडात टोळी उतरली असेल तर आजच आशाताईंना कळवा. ज्यांच्या हातांनी आपला ऊस तुटतो, त्यांच्या मुलांचे एवढे देणे आपण लागतो.