अमेरिकन विद्यापीठीय बास्केटबॉलमधील विद्यार्थ्यांच्या रिक्त जागा आणि तिकीट-दर : एक अर्थशास्त्रीय विवेचन

सारांश

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्यांत विद्यार्थ्यांसाठी राखीव असलेल्या जागा अनेक ठिकाणी विनामूल्य किंवा अत्यल्प दरात दिल्या जातात. तरीही हंगामातील काही सामन्यांना त्या जागांसाठी दिवसेंदिवस रांगा लागतात, तर काही सामन्यांना त्याच जागा रिकाम्या राहतात. ही विसंगती विद्यार्थ्यांच्या उत्साहातील चढउतारांनी पुरेशी स्पष्ट होत नाही. तिकिटाची पैशातील किंमत, वेळेतील किंमत, सक्तीच्या शुल्कातून आधीच वसूल झालेली किंमत आणि त्याच जागेची देणगीदाराकडून मिळू शकणारी किंमत, अशा चार किमतींच्या परस्परसंबंधातून ती निर्माण होते, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : विद्यापीठीय क्रीडा, तिकीट-दर, रांग, बुडीत खर्च, विद्यार्थी-शुल्क, देणगीदार.

१. प्रस्तावना

अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलची व्याप्ती आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवरून लक्षात येणे कठीण आहे. कॅन्सस विद्यापीठाचे १९५५ साली खुले झालेले ॲलन फील्डहाउस १५,००० हून अधिक प्रेक्षकांना सामावून घेते. इंडियाना विद्यापीठाच्या १९७१ मधील असेम्ब्ली हॉलची क्षमता १७,००० च्या वर आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ सेंटर १९८६ च्या जानेवारीत सुरू झाले आणि त्यात २१,००० हून अधिक जागा आहेत. तिकीटविक्री, देणग्या व दूरचित्रवाणीचे प्रक्षेपणहक्क यांमुळे हा खेळ विद्यापीठांच्या उत्पन्नाचे एक महत्त्वाचे साधन बनला आहे.

या व्यवस्थेत विद्यार्थी-प्रेक्षकाचे स्थान दुहेरी आहे. तो खेळाचा उपभोक्ता आहे. त्याच वेळी त्याच्या घोषणांनी, गाण्यांनी आणि गोंगाटाने जे वातावरण तयार होते, त्याचा तो उत्पादकही आहे. इतर प्रेक्षक चढ्या दराने जे तिकीट घेतात, त्यात या वातावरणाचे मोलही समाविष्ट असते. म्हणूनच विद्यार्थ्यांचा कक्ष रिकामा दिसला की प्रशिक्षक नाराज होतात, वृत्तपत्रांत टीका होते आणि क्रीडा विभागाच्या बैठकीत ‘या जागा विकून का टाकू नयेत?’ असा प्रश्न उपस्थित होतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी जागा रिकामी का राहते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

२. रांग : वेळेच्या रूपातील किंमत

ड्यूक विद्यापीठाचे कॅमेरून इनडोअर स्टेडियम १९४० मध्ये खुले झाले. त्याची क्षमता अवघी ९,३१४ आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना येथे तिकिटाचे पैसे द्यावे लागत नाहीत आणि मैदानालगतच्या जागा त्यांच्यासाठीच आहेत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी १९८६ पासून विद्यार्थी स्टेडियमबाहेर तंबू ठोकून अनेक आठवडे मुक्काम करीत आले आहेत. माइक शशेव्स्की हे २०२२ मध्ये निवृत्त झालेले प्रशिक्षक. त्यांच्या नावावरून या तंबूनगरीला ‘शशेव्स्कीव्हिल’ असे नाव पडले.

जेथे पैशातील किंमत शून्य असते, तेथे वाटपाचे काम वेळ करते. योराम बार्झेल यांनी १९७४ मध्ये प्रतीक्षेद्वारे होणाऱ्या वाटपाचा सिद्धांत मांडला. रांगेत घालवलेला वेळ ही खरीखुरी किंमत असते. फरक एवढाच की ती कोणाच्याही पदरात पडत नाही, असा त्या सिद्धांताचा आशय आहे. तथापि विद्यापीठाच्या संदर्भात या पद्धतीस एक समर्थन आहे. पैशांच्या बाबतीत विद्यार्थ्यांत मोठी विषमता असते. वेळेच्या बाबतीत ती तुलनेने कमी असते. अर्थात शिक्षण घेता घेता नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला तंबूत रात्री काढणे परवडत नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

झिव्ह कार्मन आणि डॅन एरिएली यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला ड्यूकमधील अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. सोडतीत तिकीट मिळालेले विद्यार्थी ते विकण्यासाठी सरासरी सुमारे २,४०० डॉलर मागत होते, तर न मिळालेले विद्यार्थी सरासरी सुमारे १७० डॉलरच द्यायला तयार होते. हाती आलेल्या तिकिटाचे मोल मनात कितीतरी पटींनी वाढते, असे यावरून दिसते. हा अभ्यास मोठ्या मागणीच्या तिकिटांपुरता आहे. डिसेंबरातील एखाद्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्यात चित्र नेमके उलटे असते.

३. विनामूल्य तिकीट आणि अनुपस्थिती

तिकीट विनामूल्य असेल आणि ते संगणकावरून एका क्षणात मिळत असेल, तर ते घेऊन ठेवणे विद्यार्थ्याच्या दृष्टीने तर्कसंगत असते. जायचे की नाही, हे तो नंतर ठरवू शकतो. तिकीट न वापरल्यास त्याचे काहीच नुकसान होत नाही. नुकसान होते ते ज्याला जायचे होते परंतु तिकीट मिळाले नाही, अशा दुसऱ्या विद्यार्थ्याचे. समजा, १,००० जागांसाठी १,००० विद्यार्थ्यांनी तिकिटे घेतली आणि ६५० च हजर राहिले. त्याच वेळी २०० विद्यार्थी ‘जागा शिल्लक नाही’ हा संदेश वाचून वसतिगृहात बसले असतील, तर रिकाम्या ३५० जागांपैकी २०० जागांचे कारण मागणीचा अभाव हे नसून वाटपातील दोष हे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सर्वच जागा सारख्याच रिकाम्या दिसतात.

पैसे मोजल्याने उपस्थितीवर परिणाम होतो काय, याचे उत्तर हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांच्या १९८५ मधील प्रयोगात सापडते. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे त्यांनी काहींना पूर्ण म्हणजे १५ डॉलर दराने, तर काहींना १३ व ८ डॉलरना दिली. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण दर भरणाऱ्यांनी सवलत मिळालेल्यांपेक्षा अधिक नाटके पाहिली. बुडीत खर्चाचा विचार निर्णयात करू नये, असे अर्थशास्त्र सांगते. परंतु माणसे तो करतात.

यावरून थोडा दर आकारला की जागा भरतील, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अपुरा आहे. कारण विद्यार्थी ज्याला ‘फुकट’ म्हणतो, ते पुष्कळदा फुकट नसतेच. आपल्या महाविद्यालयांत जिमखाना शुल्क प्रवेशाच्या वेळीच घेतले जाते, त्याप्रमाणे अनेक अमेरिकन विद्यापीठे वार्षिक शुल्कातच क्रीडा विभागाचा वाटा वसूल करतात. लहान विद्यापीठांत हा वाटा फार मोठा असतो. व्हर्जिनिया राज्याने २०१५ मध्ये कायदा करून क्रीडा विभागाच्या उत्पन्नातील विद्यार्थी-शुल्क व संस्थेचे अनुदान यांच्या प्रमाणावर मर्यादा घातल्या. विद्यापीठाच्या क्रीडाश्रेणीनुसार त्या २० टक्क्यांपासून ७८ टक्क्यांपर्यंत आहेत. ७८ टक्के ही मर्यादा ठरू शकते, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. हे शुल्क प्रत्येकास द्यावे लागते आणि कोणत्याही एका सामन्याशी जोडलेले नसते. त्यामुळे ‘पैसे भरले आहेत, तर जाऊ या’ ही प्रेरणा त्यातून निर्माण होत नाही. भार आहे, पण जाणीव नाही, अशी ही किंमत आहे.

४. वेळापत्रक आणि दूरचित्रवाणी

विद्यापीठीय बास्केटबॉलचा नियमित हंगाम नोव्हेंबरच्या प्रारंभी सुरू होऊन मार्चच्या प्रारंभी संपतो. याच काळात डिसेंबरातील सत्रपरीक्षा येतात आणि त्यानंतर साधारणतः जानेवारीच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. विद्यार्थी गावीच असताना होणाऱ्या सामन्यांत त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, तर त्यासाठी त्यांच्या निष्ठेला दोष देता येत नाही.

सामन्यांच्या वेळा ठरवताना प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांचा विचार प्रधान असतो. ईएसपीएन ही वाहिनी १९७९ मध्ये सुरू झाली. पुढे बिग टेन (२००७), साउथईस्टर्न (२०१४) आणि अटलांटिक कोस्ट (२०१९) या विद्यापीठसंघांच्या स्वतंत्र वाहिन्या आल्या. आठवड्याच्या मधल्या वारी रात्री नऊला सुरू होणारा सामना प्रेक्षागृहात पाहणे म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या तासिकेवर पाणी सोडणे होय. तोच सामना खोलीत बसून पाहता येत असल्यास उपस्थितीचा वैकल्पिक खर्च आणखी वाढतो. हक्कांच्या विक्रीतून विद्यापीठाला जे उत्पन्न मिळते, त्याची अंशतः भरपाई रिकाम्या जागांच्या रूपाने करावी लागते.

५. देणगीदाराची जागा

विद्यार्थ्याच्या जागेची चौथी किंमत म्हणजे ती दुसऱ्यास दिल्यास मिळणारी रक्कम. अनेक विद्यापीठांत चांगल्या जागेचे तिकीट नुसते विकत मिळत नाही. प्रथम देणगी द्यावी लागते आणि मग तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळतो. अमेरिकेतील १९८८ च्या कायद्यानुसार अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर करवजावट मिळत असे. २०१७ च्या करसुधारणा कायद्याने ही सवलत २०१८ पासून रद्द केली. तीन दशके चाललेल्या या सवलतीचा अर्थ असा की, देणगीदाराला मैदानाजवळ बसवण्याच्या खर्चाचा काही भाग सर्वसामान्य करदाता उचलत होता. परिणामी खालच्या जागा विद्यार्थ्यांकडून काढून देणगीदारांना देण्याची प्रेरणा बळावली.

ड्यूकपासून सुमारे १६ किलोमीटरवर असलेले डीन स्मिथ सेंटर याचे ठळक उदाहरण होय. त्याची उभारणी खासगी देणग्यांतून झाली आणि खालच्या भागातील बहुसंख्य जागांचे हक्क देणगीदारांकडे गेले. विद्यार्थ्यांचा मोठा भाग वर बसू लागला. १९९१ मध्ये प्रतिस्पर्धी संघातील सॅम कॅसेल या खेळाडूने हे प्रेक्षक चीज आणि वाइनच्या मेजवानीला शोभणारे आहेत, अशी टिप्पणी केली. ती आजही विस्मरणात गेलेली नाही. पुढे काही विद्यार्थ्यांना बास्केटमागे उभे राहण्याची जागा देण्यात आली. गॅरी बेकर यांनी १९९१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, काही वस्तूंची मागणी इतर लोक ती किती प्रमाणात घेतात यावर अवलंबून असते. विद्यार्थी दूर गेले की वातावरण निवते आणि कालांतराने देणगीदाराच्या जागेचे मोलही घटू शकते.

हा ताण यापुढे वाढण्याचीच चिन्हे आहेत. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २.०५ कोटी डॉलर ठरली. ही रक्कम उभारताना क्रीडा विभागांची नजर प्रत्येक जागेवर जाणार, हे उघड आहे.

६. दरवाढ की नियमबदल?

दर वाढवल्यास काय होते, याचा धडा मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉलमध्ये मिळतो. तेथे २०१४ च्या हंगामासाठी विद्यार्थ्यांच्या तिकिटाचा दर २८० डॉलर होता आणि विद्यार्थ्यांकडून होणारी खरेदी त्या वर्षी ठळकपणे घटली. संघाची सुमार कामगिरी हेही त्याचे एक कारण होते. २०१५ मध्ये नव्या प्रशासनाने तो दर १७५ डॉलरवर आणला. विद्यार्थी हा आजचा ग्राहक आणि उद्याचा देणगीदार असतो. सामन्याला जाण्याची सवय त्याला चार वर्षांत लागली नाही, तर ती पुढे लागण्याची शक्यता कमीच.

म्हणून उपस्थितीवर दर लावण्यापेक्षा तिकीट घेऊन अनुपस्थित राहण्यावर दर लावणे अधिक उचित ठरते. त्याचे काही मार्ग पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(अ) सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिकीट परत केल्यास काहीही दंड नसावा. परत न करता अनुपस्थित राहिल्यास पुढील सोडतीतील प्राधान्य कमी व्हावे. मिशिगनने २०१३-१४ मध्ये बास्केटबॉलच्या प्रत्येक सामन्यासाठी जागेची स्वतंत्र मागणी नोंदवण्याची अट घातली, ती याच दिशेची होती.

(आ) ग्रंथालयाच्या अनामतीप्रमाणे अल्प रक्कम घेऊन प्रवेशद्वारावर ती परत करावी. येणाऱ्या विद्यार्थ्यास सामना विनामूल्यच राहतो.

(इ) सुट्टीतील सामन्यांसाठी राखीव जागांची सीमा लवचीक ठेवून त्या शालेय मुले, कर्मचारी व शहरातील कुटुंबांना अल्प दरात द्याव्यात. सत्र सुरू होताच त्या पुन्हा विद्यार्थ्यांकडे याव्यात.

प्रोत्साहनाच्या नावाखाली पाळत ठेवली जाऊ नये, हे भान मात्र राखले पाहिजे. अलाबामा विद्यापीठाने २०१९ मध्ये फुटबॉल सामन्यात शेवटपर्यंत थांबणाऱ्या विद्यार्थ्यांना गुण देण्यासाठी मोबाइलवरून त्यांचे स्थान तपासण्याची योजना आणली, तेव्हा खासगीपणाचा प्रश्न उपस्थित झाला होता.

७. निष्कर्ष

रिकामी जागा हा एकच परिणाम असला, तरी त्यामागील कारणे भिन्न आहेत. तिकीट घेऊन न आलेला विद्यार्थी, सुट्टीत गावी गेलेला विद्यार्थी, सकाळच्या तासिकेमुळे खोलीत थांबलेला विद्यार्थी आणि वरच्या कोपऱ्यातील जागा नकोशी वाटणारा विद्यार्थी, या चौघांवर एकच उपाय लागू पडणार नाही. प्रत्येक सामन्यात दिलेली तिकिटे, प्रत्यक्ष प्रवेश आणि नाकारलेल्या मागण्या या तीन संख्या स्वतंत्रपणे नोंदवल्याखेरीज जागा विद्यार्थ्यांकडून काढून घेण्याचा निर्णय होऊ नये. एकदा देणगीदाराच्या नावे गेलेली जागा विद्यार्थ्याकडे परत येणे अतिशय दुरापास्त असते. शिवाय ज्याच्याकडून शुल्क सक्तीने घेतले जाते, त्याला त्या शुल्कावर चालणाऱ्या सामन्यात योग्य जागा मिळावी, ही अपेक्षा वाजवी आहे. ती सांभाळण्याची जबाबदारी क्रीडा विभागाइतकीच विद्यापीठाच्या शैक्षणिक नेतृत्वाचीही आहे.