ग्रीसच्या थरात जपलेली इशापूर रायफल

१९६२च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या इशापूर कारखान्यात ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलच्या जुन्याच आराखड्यावर, पण ७.६२ मिमी काडतुसासाठी नवी रायफल घडली: २ए आणि नंतरची २ए१. मॅगझीन १० ऐवजी १२ गोळ्यांचं!

पुढे यातल्या अनेक रायफली लष्करी शिल्लक माल म्हणून अमेरिकेत विकल्या गेल्या. तिथले संग्राहक गंज टाळण्यासाठी लावलेल्या ग्रीसचा मूळ थर शाबूत आहे का, बोल्ट आणि रिसीव्हरवरचे क्रमांक जुळतात का, हे बारकाईने पाहतात. 'आरएफआय' हा शिक्का म्हणजे इशापूरची ओळख.

भारतात मात्र ली-एनफिल्डचं मूळ .३०३ आणि इशापूरचं ७.६२ हे दोन्ही निषिद्ध बोअर आहेत, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात.

जुन्या घरात अशी बंदूक सापडली, तर हात न लावता पोलिसांना कळवा.