व्ही-सिंक

व्ही-सिंक (व्हर्टिकल सिंक्रोनायझेशन, अर्थात उभे समकालन) ही संगणकीय खेळांतील एक चित्रविषयक सुविधा आहे. ग्राफिक्स कार्डाने तयार केलेली प्रत्येक फ्रेम मॉनिटरच्या वेळेशी जुळवून पडद्यावर पाठवणे, हे तिचे कार्य होय. तिच्यामुळे चित्र फाटल्यासारखे दिसत नाही. मात्र कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा विलंब वाढू शकतो.

नावाचा उगम

जुन्या चित्रनलिकेच्या पडद्यावर इलेक्ट्रॉन शलाका वरून खाली एकेक ओळ रेखाटत जाई आणि तळाशी पोहोचल्यावर पुन्हा वर परते. दूरदर्शनच्या ६२५ ओळींच्या प्रक्षेपणात सेकंदाला २५ चित्रे प्रत्येकी दोन भागांत दाखवली जात. म्हणजे शलाका सेकंदाला ५० वेळा वर परतत असे. या उभ्या फेरीशी जुळवणी म्हणून ‘उभे समकालन’. सपाट पडद्यात शलाका नसते, तरी चित्र वरून खाली ओळीओळीनेच पाठवले जाते.

कार्यपद्धती

मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र नव्याने दाखवतो, तो त्याचा रिफ्रेश रेट. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला जितक्या फ्रेम तयार करते, तो फ्रेम रेट. पहिला बहुधा स्थिर असतो, दुसरा दृश्यागणिक बदलतो. पडदा अर्धा रेखाटून झालेला असताना नवी फ्रेम आली, तर वरचा भाग जुन्या आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. यास स्क्रीन टिअरिंग म्हणतात. व्ही-सिंक चालू असता तयार फ्रेम बफरमध्ये थांबते आणि पुढील फेरीच्या आरंभीच दाखवली जाते.

मर्यादा

६० हर्ट्झच्या पडद्यावर दोन फेऱ्यांमध्ये सुमारे १६.७ मिलिसेकंद असतात. एखादी फ्रेम तयार होण्यास १८ मिलिसेकंद लागले, तर व्ही-सिंकविना सुमारे ५५ फ्रेम मिळतात. दोन बफरांच्या व्ही-सिंकमध्ये मात्र ती फेरी चुकते, फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांपर्यंत थांबते आणि फ्रेम रेट ३० वर घसरतो. त्यामुळे कमी क्षमतेच्या संगणकावर ही सुविधा चालू केल्यावर खेळ अधिकच अडखळल्याचा अनुभव येतो.

पर्याय

ट्रिपल बफरिंगमध्ये तिसरा बफर वापरल्याने ही घसरण टळते. त्यासाठी स्मृती अधिक लागते. एनव्हिडियाने २०१२ मध्ये आणलेली ॲडॅप्टिव्ह पद्धत फ्रेम रेट खाली येताच व्ही-सिंक आपोआप बंद करते. एनव्हिडियाचे जी-सिंक (२०१३) आणि एएमडीचे फ्रीसिंक (२०१५) यांत मॉनिटरच आपला रिफ्रेश रेट फ्रेम रेटनुसार बदलतो. यासाठी तशी सोय असलेला मॉनिटर आवश्यक असतो.

फ्रेम रेटवरील मर्यादा

मर्यादा न घातल्यास, साध्या दृश्यांतही ग्राफिक्स कार्ड पडदा दाखवू शकणार नाही इतक्या फ्रेम तयार करते. त्यात वीज खर्च होते व उष्णता वाढते. संगणकाचे पंखे खोलीतीलच हवा वापरतात. जालना जिल्ह्यात व मराठवाड्यात इतरत्र उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा लॅपटॉप लवकर तापतो आणि स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो. अशा वेळी ६० किंवा ३० फ्रेमची मर्यादा घातल्यास खेळ अधिक स्थिर राहू शकतो.

निवड

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच व संगणक या दोहोंसाठी प्रसिद्ध झाला. स्विचसारख्या कन्सोलची यंत्रणा ठरलेली असल्याने निर्मात्यांना हा ताळमेळ आधीच बसवता येतो. संगणक मात्र भिन्न क्षमतेचे असल्याने अशी निवड बहुधा खेळणाऱ्यावर सोपवली जाते. फ्रेम रेट सातत्याने रिफ्रेश रेटइतका किंवा त्याहून अधिक असेल, तर व्ही-सिंक उपयुक्त ठरते. तो वारंवार खाली जात असल्यास प्रथम सावल्यांचा दर्जा किंवा रिझोल्यूशन कमी करणे श्रेयस्कर असते. जलद प्रतिसादावर निकाल ठरणाऱ्या स्पर्धात्मक खेळांत विलंब टाळण्यासाठी अनेक जण व्ही-सिंक बंद ठेवतात.