जुन्या धुराड्यात नवी नळी

गॅस घरोघरी आला, तरी वेळापुरात चूल काही विझली नाही. आंघोळीचं पाणी, ज्वारीची भाकरी, हुरड्यापासून लग्नकार्यापर्यंत सगळं तिच्यावरच. माळशिरसहून माउलींची पालखी आली की तर एकेका अंगणात तीन-तीन चुली पेटतात. आज बोलायचं ते धुराबद्दल. डोळे चुरचुरणं आणि सकाळचा खोकला याला आपण चुलीचा धर्म समजतो. तो चुलीचा नव्हे, धुराड्याचा दोष असतो.

१९८० च्या दशकात सरकारी सुधारित चुली गावोगाव बसवल्या गेल्या. पुढं पुण्याच्या 'आरती' संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेनं, दोन भांड्यांची, धुराडं असलेली लक्ष्मी चूल लोकांपर्यंत नेली. चुली चांगल्याच होत्या. पण पुष्कळ घरांत नळी काजळीनं तुंबली, कुणी ती झाडली नाही, आणि धूर परत घरात आला. मग बायकांनी नळी काढून टाकली. मला विचाराल तर बसवणाऱ्यांनी झाडायचं शिकवलं नाही, ही मोठी चूक.

धूर वर का जातो? गरम हवा हलकी असते. नळी उभी, उंच आणि आतून गरम असेल, तर ती धूर ओढते. म्हणून आडवी नळी जितकी कमी, तितकं बरं. वळण द्यायचंच असेल तर काटकोनात नको, तिरपं द्या. दोन भांड्यांच्या घरगुती चुलीला साधारण तीन इंची नळी पुरते. टोक छपराच्या वर निदान दोन-तीन फूट हवं. शेजारची भिंत किंवा पाण्याची टाकी त्याहून उंच असेल, तर आषाढातला वारा तिच्यावर आपटून धूर खाली दाबतो. टोकावर पत्र्याची टोपी बसवा, पण टोपी आणि नळी यांत चार बोटं मोकळी ठेवा.

जुन्या वाड्यात विटांचं धुराडं असतं. त्याला भेगा पडतात आणि धूर माळवदाच्या लाकडात शिरतो. अशा धुराड्यात वरून एक नळी सोडली, की ते पाडावं लागत नाही. थंड देशांत यासाठी स्टेनलेस स्टीलची वाकणारी जाड नळी मिळते. आपल्याकडे दुकानात दिसते ती ॲल्युमिनियमची चुणीदार नळी. ती गॅसच्या शेगडीवरच्या विजेच्या चिमणीसाठी आहे, लाकडाच्या चुलीसाठी नाही. तिच्या चुण्यांत काजळी बसते, ती नीट झाडता येत नाही. काजळीनं पेट घेतला तर पातळ पत्र्याला भोक पडतं. प्लॅस्टिकच्या पाइपचं तर नावच काढू नका.

पत्र्याच्या सरळ नळ्या जोडून घ्या. जोडताना वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे आत सुटणारं काळं पाणी बाहेर ओघळत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा थेट जाळात नको. चुलीलगतचा पहिला भाग मातीचा किंवा सिमेंटचा करा. बुडाशी झाकण असलेलं एक तोंड ठेवा, काजळी तिथूनच काढायची. नळी माळवदातून, म्हणजे सान्यातून नेताना तुळई आणि फळ्यांपासून वीतभर लांब राहील असं पाहा, मधली जागा माती-विटांच्या तुकड्यांनी भरा. छप्पर पाचटाचं असेल तर नळी त्यातून नकोच. भिंतीतून बाहेर काढून छपरापासून चांगली लांब उभी करा. छपरावर चढायचं काम एकटीनं करू नका, शिडी धरायला दुसरी कुणीतरी हवीच.

जुनी नळी राखी रंगाची सिमेंटची असेल, तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती करवतीनं कापू नका, फोडू नका. तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. भिजवून अख्खी काढा आणि पोरांच्या हाताशी ठेवू नका.

बसवून झालं की आधी कागदाचा बोळा पेटवून नळी गरम करा. मग पेटलेली उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर आला तर नळी तुंबलेली आहे, आखूड आहे किंवा सांध्यात फट आहे. सांधे मातीनं लिंपा. नळी लागलेली आहे म्हणून दारं-खिडक्या बंद करून चुलीशेजारी झोपू मात्र नका; विझत्या निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि तो जीव घेतो.

रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा, आणि पाऊसकाळाआधी नक्की, नळी झाडा. चूल पूर्ण गार हवी. काठीला काथ्या घट्ट बांधून वरून खाली फिरवा. बुडाच्या तोंडाशी छोटा आरसा धरून वर पाहा. आभाळ पांढरा गोल दिसलं तर वाट मोकळी आहे (टोपी असेल तर ती काढून पाहा). लंडनच्या पर्सिव्हल पॉट या डॉक्टरनं १७७५ मध्येच धुराडी झाडणाऱ्यांना काजळीमुळं कर्करोग होतो हे लिहून ठेवलं होतं. तेव्हा तोंडाला पदर नव्हे, ओलं फडकं नीट बांधा, झाडून झाल्यावर हातपाय साबणानं धुवा, आणि ती साडी इतर कपड्यांत न टाकता वेगळी धुवायला घ्या.