दीड हजार मीटरवरचं स्टेशन

जुलै २०२३. ॲशेसची शेवटची कसोटी दोन दिवसांवर आली होती आणि ब्राइटनच्या घरातल्या माझ्या जुन्या पोर्टेबल रेडिओची लाँगवेव्ह गप्प झाली. या सामन्यानंतर बीबीसीचं क्रिकेट समालोचन, ‘टेस्ट मॅच स्पेशल’, लाँगवेव्हवरून कायमचं जाणार होतं. शॉर्टवेव्ह उत्तम, मीडियमवेव्ह स्वच्छ. १९८ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे डायलवरच्या १५०० मीटरच्या खुणेजवळ, नुसती खरखर.

भारतात लाँगवेव्हवर रेडिओ कार्यक्रम लागत नाहीत. त्यामुळे आवाज कमी झाला की एरियल ओढायचं, ही आपली सवय. मीही आधी तेच केलं. पण बहुतेक पोर्टेबलमध्ये लाँगवेव्ह पकडते ती आतली फेराइटची काळी दांडी, आणि तिला दिशा लागते. या स्टेशनचं ड्रॉइटविच इथलं ट्रान्समीटर माझ्या वायव्येला, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. दांडीचं टोक तिकडे असेल तर आवाज बुडतो, दांडी आडवी धरली की वर येतो. रेडिओ टेबलावर सावकाश फिरवला. एका जागी शब्द लागले, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखे.

मग रेडिओ बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच बंद केला. शब्दांमागची भुणभुण एकदम थांबली. लॅपटॉपचा चार्जर आणि स्वयंपाकघरातले एलईडी दिवे, हे दोघे गुन्हेगार. शब्द मात्र तेवढेच बारीक. पाचशे किलोवॉटचं स्टेशन इतक्या अंतरावर कुजबुजत असेल तर दोष रेडिओतच शोधायला हवा.

बॅटऱ्या काढून मागचं झाकण उघडलं. एकाच दांडीवर दोन कॉइल होत्या. मीडियमवेव्हची आखूड, लाँगवेव्हची जास्त वेढ्यांची. मल्टिमीटर पहिलीवर वाजला, दुसरीवर नाही. भिंगाखाली पाहिलं तर कॉइलचं टोक सोल्डरच्या अगदी कडेला तुटलेलं. ही तार एकसंध नसते; केसाहून बारीक, इनॅमल चढवलेल्या तारांचा पीळ असतो. एकही सुटी राहिली तर आवाज उणा पडतो, म्हणून प्रत्येकीचं इनॅमल खरवडलं, सगळ्या एकत्र कथिलात बुडवल्या आणि मगच जागेवर टाका दिला. या कामाला अर्धा तास गेला, आणि ते घाईत उरकण्यासारखं नव्हतं. शेवटी स्टेशन लावून कॉइल दांडीवर मिलिमीटरभर सरकवली, आवाज भरला तिथे मेणाचा थेंब टाकला.

तुमचा रेडिओ असा गप्प झाला तर पेचकस हातात घेण्याआधी तो फिरवून पाहा आणि मेन स्विच बंद करा. झाकण त्यानंतर.

३१ जुलैच्या संध्याकाळी गोलंदाज ब्रॉडने ऑस्ट्रेलियाच्या कॅरीला बाद केलं आणि इंग्लंड ४९ धावांनी जिंकलं. मी ते १९८वर ऐकलं.